कातळाला ‘नाही’ म्हणू द्या

आमच्या वाडीत गेल्या पंधरा वर्षांत सात बोअर मारले. चार लागले, तीन कोरडे गेले. कोरड्यांतले दोन आमचेच. पहिला अडीचशे फूट जाऊन नुसती धूळ. दुसरा त्याच्यापासून तीस पावलांवर, तीनशे फूट, तीच गत. मधे फक्त एक गडगा, आणि गडग्यापलीकडच्या आबांचा बोअर एकशे साठ फुटांवर असा लागला की गाडीवाला पाइप ओढून घेईपर्यंत अंगणात चिखल झाला. पाणाड्या तोच होता. नारळही आमच्याच माडाचा.

हे आठवायचं कारण पाण्याचं नाही, धुराचं आहे. कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखालच्या खडकात कायमचा कोंडायचा, आणि त्या कामाला दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, फार चांगला, ही चर्चा आता प्रयोगशाळेतून सरकारी कागदांवर आली आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये यावर धोरणाचा अहवाल काढला. आयआयटी मुंबईत या विषयाचं राष्ट्रीय केंद्रही उभं राहिलं. भारतातल्या बेसॉल्टमध्ये किती वायू मावेल, याचा जो आकडा या चर्चेत फिरतो तो आहे 97 ते 316 अब्ज टन. देशाचं वर्षाचं उत्सर्जन 3 अब्ज टनांच्या आसपास. म्हणजे कमीत कमी तीस वर्षांची सोय, जास्तीत जास्त शंभर वर्षांची. भाषण करणारा शंभर उचलतो. माझं लक्ष मात्र त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेवर अडकलं. गवंड्याने घराचा खर्च दहा ते तेहतीस लाख सांगितला, तर आपण त्याच्या हातात पैसे ठेवत नाही. आधी जोत्याची मापं घे म्हणतो.

यात अंदाज करणाऱ्यांना दोष नाही. नकाशावरचं क्षेत्रफळ, थरांची सरासरी जाडी, दगडातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, एवढ्यावर बसून जे सांगता येतं ते त्यांनी सांगितलं, आणि ही क्षमता ‘तत्त्वतः’ आहे हेही लिहिलं. तो शब्द पुढे छापताना गळतो, एवढंच. तत्त्वतः आमच्या परसातही पाणी होतं.

माझं म्हणणं असं आहे. ही मोजणी व्हावी, आणि कोकणातही व्हावी. विरोधासाठी विरोध करणाऱ्यांत मी नाही. पण ती मोजणी अशी हवी की तिच्यातून ‘इथे नको’ हे उत्तर निघू शकेल. ज्या तपासणीला नापास करण्याची मुभाच नाही, ती तपासणी नव्हे, भूमिपूजन.

आधी हा दगड करतो काय, ते पाहू. सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी बेसॉल्टमधून फिरताना दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सुटं करतं, आणि मग वायू त्यांच्याशी जोडला जाऊन भेगांमध्ये पांढऱ्या खनिजाच्या रूपात बसतो. चुनखडीच ती, कमी-अधिक फरकाने. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे, तेव्हा हाच वायू भट्टीतून बाहेर पडायचा. इथे तो चित्रपट उलटा फिरवायचा आहे. वाळूच्या दगडात कोंडलेला वायू वायूच राहतो, त्याच्यावर झाकण लागतं. बेसॉल्टमध्ये त्याचा दगड होतो आणि दगड गळत नाही. या उपायाचं सगळं आकर्षण या एका वाक्यात आहे, आणि ते खोटं नाही.

आइसलंडमध्ये हेलिशेइदीच्या, जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या, वीजकेंद्राजवळ 2012 मध्ये हे करून पाहिलं. दोनशेहून थोडे जास्त टन वायू पाण्यात विरघळवून 400 ते 800 मीटर खोल सोडला. तो वायू ओळखता यावा म्हणून त्यात किरणोत्सारी कार्बन-14 ची खूण मिसळली होती. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला, असा निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र टक्केवारीची नाही. देखरेखीच्या विहिरीतला पाण्यातला पंप मधेच बंद पडला. वर काढून पाहिला तर त्याच्यावर कॅल्साइटचा, म्हणजे त्याच पांढऱ्या खनिजाचा, थर चढलेला. ज्याची वाट पाहत होते तेच पंपाला येऊन चिकटलं होतं. आमच्याकडे पंप बंद पडला की मेकॅनिकला शिव्या बसतात.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वलुला इथे 2013 मध्ये दुसऱ्या रीतीने केलं. पाणी न मिसळता, दाबाने द्रवासारखा झालेला सुमारे 1000 टन वायू 800 ते 900 मीटरवर सोडला. दोन वर्षांनी दगडाचे नमुने काढले तेव्हा त्यांत कार्बोनेटचे कण सापडले. तिथे बेसॉल्टचे थर एकावर एक आहेत, आणि दोन थरांच्या सांध्यात दगड फुसफुशीत, मधे घट्ट. वायू सांध्यात शिरतो, घट्ट थर झाकण होतो. आपल्या सह्याद्रीची रचना अशीच दिसते. घाटातून एसटीने उतरताना कड्यावरच्या पायऱ्या मोजा, प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट, आणि मधेमधे लालसर मातीचे पट्टे.

‘दिसते’ आणि ‘आहे’ यांत मात्र तीनशे फूट कोरड्या बोअरचं अंतर असतं.

आइसलंडचा तो दगड भूगर्भाच्या हिशेबात कालचा, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. इतक्या वर्षांत आपल्या दगडातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या रिकाम्या राहिलेल्या नाहीत. पाण्याने त्यांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट भरून ठेवलंय. घाटावरचे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा दगड तोच. दख्खनचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेले असतात, आपल्याला त्याचा अभिमानही वाटतो. पण वायू कोंडायला निघालेल्या माणसासाठी ते सुंदर स्फटिक म्हणजे आधीच भरलेली खोली. किती खोल्या भरल्यात, किती रिकाम्या, आणि रिकाम्या खोल्यांची दारं एकमेकींत उघडतात का, हे प्रत्येक ठिकाणी नमुना काढूनच कळतं. दगडाला छिद्रं असणं वेगळं आणि छिद्रांतून वाट असणं वेगळं. आमचा जांभाही छिद्राछिद्रांचा, त्याची वाट इतकी मोकळी की जुलैत पडलेला पाऊस मेपर्यंत विहिरीत थांबत नाही.

जाडीचा घोळ त्याहून मोठा. कोयना परिसरात गोठणे इथे भूकंपांच्या अभ्यासासाठी केलेला 3 किलोमीटरचा बोअर 2017 मध्ये पुरा झाला. त्यात सुमारे 1.2 किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट. ग्रॅनाइटकडून या रसायनाची फारशी अपेक्षा नाही. आता हा 1.2 किलोमीटर मोजला कुठून? डोंगराच्या उंचीवरून. घाट उतरून कोकणात आलात की वरचे कित्येक थर कोट्यवधी वर्षांच्या पावसाने झिजवून समुद्रात नेलेले आहेत. मग आपल्या पायाखाली किती उरला? पनवेलच्या बाजूला लाव्ह्याचे थर समुद्राकडे कलत जातात, तिथे तो खोल गेलेला असू शकतो. मधल्या पट्ट्यात कदाचित नाही. दक्षिणेला सिंधुदुर्गात उतरत गेलात की बेसॉल्टच संपत जातो आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात; रेडीचं लोहखनिज त्या जुन्या जगातलं. द्रवासारखा वायू ठेवायला साधारण 800 मीटर खोली लागते, कारण तेवढ्या खोलीवर दाब त्याला दाटून ठेवतो. 800 मीटरवर काळा दगड असेलच असं रायगडात गृहीत धरता येत नाही, रत्नागिरीत नाही, आणि सावंतवाडीत तर नाहीच. घाटावरचा आकडा जसाच्या तसा कोकणात उतरवता येत नाही, आणि ‘कोकणचा’ म्हणून एकच आकडाही काढता येत नाही.

भेगांचं काय? त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. गणेशपुरी-वज्रेश्वरी, महाडजवळचं सव, दापोलीतलं उन्हवरे, आमच्या संगमेश्वरातलं आरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली राजापूरचं उन्हाळे. किनाऱ्याला समांतर अशी ही गरम पाण्याच्या कुंडांची माळ आहे. तुरळला लहानपणी आम्ही तांदळाची पुरचुंडी पाण्यात सोडून बसायचो, भात कधी नीट शिजला नाही ते सोडा. पण ते पाणी गरम का, तर पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. म्हणजे खालून वर यायची वाट इथे आहे, आणि ती शेकडो वर्षं वापरात आहे. राजापूरची गंगा तर साधारण तीन वर्षांनी येते, चौदा कुंडं भरते आणि निघून जाते. वक्रनलिकेचं तत्त्व सांगून तिचं स्पष्टीकरण देता येतं, पण ती नळी नेमकी कुठून कुठे जाते हे कोणी आखून दाखवलेलं नाही. जिथे भक्तांना गंगा सापडते तिथे अभियंत्याला गळतीची शंका यायला हवी. पाण्यात विरघळलेला वायू सुट्या वायूसारखा उसळून वर येत नाही, ते पाणी साध्या पाण्यापेक्षा जडच असतं, हे खरं. तरी झऱ्यांच्या पट्ट्यापासून किती लांब राहायचं, हे मोजणीआधी ठरलं पाहिजे.

आणि कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची आठवण चिपळूणच्या म्हाताऱ्यांना अजून सांगावी लागत नाही. 6 च्या वरचा भूकंप, पावणेदोनशेहून अधिक बळी. धरणात पाणी अडवायला लागून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कोयना हे जलाशयाने चेतवलेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण असतं. त्यातला मुद्दा साधा आहे: ताणलेल्या भेगेत पाण्याचा दाब वाढला की ती सरकते. खडकात वायू किंवा पाणी दाबाने सोडणं म्हणजे तोच दाब जाणूनबुजून वाढवणं. आकार लहान असेल, अंतर जास्त असेल, धोका नगण्यही निघेल. पण ‘नगण्य’ हा शब्द मोजणीच्या शेवटी लिहायचा असतो, सुरुवातीला नाही. यंत्रं आधी लावून दोन-तीन वर्षं बारीक धक्क्यांची नोंद ठेवली नसेल, तर नंतर झालेला धक्का निसर्गाचा की प्रकल्पाचा, हे कोर्टातही सिद्ध होणार नाही.

माहिती भरपूर असूनही अंदाज चुकतात, हे या क्षेत्रातल्या मुरलेल्या लोकांनीच दाखवून दिलंय. नॉर्वेने 1996 पासून स्लाइपनरला समुद्राखाली वर्षाला जवळपास 10 लाख टन वायू सोडून नाव कमावलं. त्याच देशात स्नोव्हितला 2008 मध्ये सुरू केलेल्या साठ्यात दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला आणि दुसऱ्या थराकडे वळावं लागलं. अल्जीरियात इन सालाहला जमीन काही मिलिमीटरने फुगताना उपग्रहाला दिसली, झाकणाच्या थराची काळजी वाटली आणि 2011 मध्ये काम थांबवलं. मी ही उदाहरणं घाबरवायला देत नाही. दोन्हीकडे मोजत होते म्हणून कळलं, आणि कळल्यावर वळले किंवा थांबले. थांबण्याची सोय व्यवहारात होती.

आता पाणी. आइसलंडच्या रीतीत एक टन वायू विरघळवायला साधारण 25 टन पाणी लागतं. जयगडचं कोळशावरचं वीजकेंद्र 1200 मेगावॉटचं. ते सत्तर टक्के क्षमतेने चाललं असं धरून ढोबळ हिशेब केला तर वर्षाला सत्तर लाख टनांच्या आसपास वायू येतो. गुणिले पंचवीस. साडेसतरा कोटी टन पाणी, म्हणजे सहा टीएमसी. ज्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून मे महिन्यात टँकरची वाट बघतात, तिथे हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. कोणीतरी लगेच कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडून दिलेलं पाणी, आठवेल. ते वर्षाला 67.5 टीएमसी वाशिष्ठीतून समुद्रात जातं, त्यातलं सहा घेतलं तर काय बिघडलं. त्या अवजलावर आधीच इतक्यांची नजर आहे की आणखी एकाने रांगेत उभं राहायला हरकत नाही. समुद्राचं पाणी वापरता येतं का, हेही आइसलंडमध्येच तपासायला घेतलंय, आणि समुद्राला आपल्याकडे तोटा नाही. पण मग खारं पाणी गोड्या भूजलाखाली सोडताना मधला थर किती विश्वासाचा, हा प्रश्न येतो. घूमफिरके तिथेच: मोजा.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सातार्शिया गावाजवळ कार्बन डायऑक्साइडची नळी फुटली. कारण काय, तर पावसाने भिजलेली जमीन सरकली. हा वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचतो. 45 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, दोनशेच्या आसपास लोकांना गाव सोडायला लावलं. तळिये आणि इरशाळवाडी पाहिलेल्या माणसाला ‘पावसाने जमीन सरकली’ याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. आपल्या वाड्या बहुतेक डोंगराच्या कुशीत, पऱ्याच्या काठाला, म्हणजे नेमक्या सखल जागी असतात. म्हणून खडक चांगला असला तरी तो चिमणीपासून किती लांब आणि मधे कोणता डोंगर, हा मोजणीचाच भाग धरला पाहिजे. भूगर्भशास्त्रज्ञांना ते आपलं काम वाटत नाही.

इतकं सगळं असताना मी ‘नकोच’ का म्हणत नाही? कारण पोलाद. डोलवीचा कारखाना वर्षाला सुमारे 1 कोटी टन पोलाद करतो, आणि कोळसा वापरून लोखंड वितळवायचं तर टनामागे दोन टनांच्या आसपास वायू निघतोच. विजेला सूर्य आहे, वारा आहे. पोलादाला आणि सिमेंटला अजून तितका सोपा दुसरा मार्ग नाही. खडकातली जागा थोडीच निघणार असेल, आणि मला ती थोडीच निघेल असं वाटतं, तर ती अशा धंद्यांसाठी राखावी. कोळशाची जुनी वीजकेंद्रं आणखी वीस वर्षं ओढायला किंवा नव्या प्रदूषणाला गंध लावायला तिचा उपयोग झाला, तर ही सगळी मोजणी आमच्याच विरोधात केलेली ठरेल. शिवाय मुंबईच्या समुद्रात 1974 साली सापडलेल्या तेलक्षेत्राचा खडक ओएनजीसीला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, त्याच्या नळ्या उरणला येतात. तिथला रिकामा होत चाललेला साठा आणि आमच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या पठाराच्या, खालचा अनोळखी कातळ, यांत आधी कोणाकडे जावं याला फार विचार लागू नये.

खरी अडचण खडकाची नाही, विश्वासाची आहे. एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाचे बोअर सुरू झाले, आणि बाया-माणसं भर उन्हात सड्यावर येऊन बसली. युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव असलेली कातळशिल्पं त्याच परिसरात. तेव्हा सरकारकडून सांगितलं जात होतं की हे फक्त परीक्षण आहे, प्रकल्प नाही. लोकांनी ते ऐकून का घेतलं नाही? कारण परीक्षणाचा निकाल ‘नाही’ आला आणि माणसं यंत्रं घेऊन परत गेली, असं त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मशीन आलं म्हणजे प्रकल्प आला, ही समजूत अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. उद्या कार्बनसाठी बोअरची गाडी सड्यावर चढली की हेच होणार, आणि मग ‘कोकणी माणसाला विकास नको’ हे ठरलेलं वाक्य छापून येणार.

ते टाळायचं तर काही गोष्टी आधी कराव्या लागतील. चिमणीच्या मालकाने मोजणी करू नये; पैसे त्याच्याकडून घ्यावेत, पण बोअर, नमुने आणि निष्कर्ष दुसऱ्याच्या हातात असावेत. बोअरमधून निघालेला प्रत्येक दगड, प्रत्येक दाबाची नोंद मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत पोचेल अशी खुली असावी. कोणत्या आकड्याखाली जागा नापास, हे बोअर मारण्याआधी लिहून जाहीर करावं. परीक्षेचा पास होण्याचा गुण पेपर तपासून झाल्यावर ठरवत नाहीत. आणि वायू ज्या कातळात जाणार त्याचा मालक कोण, याचा निकाल लावावा. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात 60 मीटरच्या पुढची विहीर ‘खोल विहीर’ ठरते आणि शेतकऱ्याला तिच्यासाठी कायद्याकडे बघावं लागतं. 800 मीटर खालच्या पोकळीबद्दल आमच्या सातबाऱ्यावर काय लिहिणार आहात? कारखाना तीस-चाळीस वर्षांनी बंद होईल, कंपनीचं नाव बदलेल, खालचा साठा तिथेच राहील. वायू सोडलेल्या विहिरीवरचं मापन तेव्हा कोण घेणार, आणि पगार कोण देणार?

सगळ्यात आधी, आणि सगळ्यात स्वस्तात, करायचं काम म्हणजे वरच्या पाण्याची आजची नोंद. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, पण त्या तालुक्याचं पाणी समजायला पुरतात, वाडीचं नाही. प्रत्येक वाडीतल्या विहिरीचं, झऱ्याचं, कुंडाचं पाणी किमान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे तपासून ठेवावं: आंबटपणा, क्षार, विरघळलेला वायू. शाळेतली मुलंसुद्धा यातलं निम्मं करतील. सोबत जुन्या बोअरांची यादी. ते उथळ आहेत, 800 मीटरच्या साठ्यापर्यंत पोचत नाहीत, पण वर आलेली कोणतीही गोष्ट गोड्या पाण्यात मिसळायची सगळ्यात सोपी वाट तेच. ही यादी कुठल्याच कचेरीत नाही. आमचे दोन कोरडे बोअर कोणाच्याही दप्तरी नोंदलेले नाहीत. एकाच्या तोंडावर चिरा ठेवलाय, दुसऱ्यावर घमेलं पालथं घातलंय, आणि पावसाळ्यात त्याच्याभोवती गवत वाढलं की तो नेमका कुठे आहे हे मलाही पायाने चाचपून शोधावं लागतं.